विमानाने येऊ नकोस

सोमवार, दुपार. फलाटावरचा बाक.

चिरंजीव धाकट्यास,

मायन्यातला 'चिरंजीव' सवयीने लिहिलेला नाही. या वेळी ती सूचना समजावी. सूचना लिहिणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे, आणि तुझ्या बायकोचा फोन आल्यापासून ही एकच सूचना डोक्यात घोळते आहे.

तिने सगळं सांगितलं. तुझ्या कानातला तोल बिघडला, उभ्या उभ्या खोली फिरते, आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनी तुझ्या कागदावर 'विमान चालवण्यास कायमचे अयोग्य' असं लिहून दिलं. इतकी वर्षं ढगांच्या वरून कामाला जाणाऱ्या माणसाला आता जिना उतरताना कठडा धरावा लागतो, हे सांगताना तिचा आवाज इतका सपाट होता की मीच घाबरले. रडणाऱ्या माणसाला निदान रडू नकोस म्हणता येतं.

फोन ठेवला आणि तुला दोन शब्द पाठवले: 'येऊ का?' आई गेल्यापासून, म्हणजे सहा वर्षं, आपण एकमेकांशी बोललेलो नाही. त्या मानाने दोन शब्द ही उधळपट्टीच होती. तुझं उत्तर यायला दोन दिवस लागले. 'विमानाने येऊ नकोस.' तीन शब्द आणि वर पूर्णविराम. म्हणजे माझ्यापेक्षा उदार निघालास.

आता माझी पंचाईत ऐक. तू सातवीत असताना मी तुला संस्कृत शिकवायचा उद्योग केला होता आणि तू खिडकीबाहेर बघत होतास. तेव्हा जे तुझ्या कानावरून गेलं ते पुन्हा सांगते. नकार दोन जातींचा असतो. एक थेट क्रियापदाच्या मानगुटीवर बसतो: हे करूच नकोस. त्याचं नाव प्रसज्यप्रतिषेध. दुसरा क्रियेला हात लावत नाही, शेजारच्या एका शब्दाला तेवढा बाजूला सारतो: हे नको, याखेरीज दुसरं चालेल. त्याचं नाव पर्युदास. तुझा 'नकोस' कुठे बसलाय? 'येऊ'वर बसला असेल तर मी घरी राहावं. 'विमानाने'वर बसला असेल तर गाडीने निघावं.

तुला फोन करून विचारता आलं असतं, असं तू म्हणशील. तूही म्हणशील आणि आमचे मालकही म्हणाले. पण विचारलं असतं तर तू उत्तर दिलं असतंस, आणि ते उत्तर ऐकायची माझी तयारी नव्हती. म्हणून मी पर्युदास धरला आणि तिकीट काढलं.

मालकांकडे रजा मागितली तर ते म्हणाले, "बाई, विमानाने दुपारच्या जेवणाला पोचाल. तीन दिवस हाडं खिळखिळी करून काय मिळवणार?" म्हटलं, भावाने बजावलंय. त्यांनी अर्जावर सही केली. आमचा कारखाना तुला आठवतो ना? पत्रा कापणं, रंग देणं, भोकं पाडणं हे बाकीच्यांकडे, फलकावरचा मजकूर माझ्याकडे. जिन्यात, लिफ्टमध्ये, दवाखान्यात, गाड्यांच्या डब्यांत माणसांनी जे जे करू नये ते मी ठरवते, अशी मालकांची समजूत आहे. मनाईच्या बाबतीत ते माझ्याशी वाद घालत नाहीत.

हे पत्र इथल्या पेटीत टाकते. टपालखात्याला विमानाचं वावडं नाही, तेव्हा माझं अक्षर माझ्या आधी पोचेल आणि मी मागून लोळत येईन. गुरुवारी सकाळी. डबा शेवटून दुसरा.

न्यायला येऊ नकोस. यातला नकार कुठे बसवायचा ते तुझं तू ठरव.

आशीर्वाद आहेतच, ते कुठे गेलेले नाहीत.

ताई


मंगळवार, सकाळ. अक्षर गाडीचं, मजकूर माझा.

धाकट्या,

पाय सुजले आहेत. उशी नावाच्या वस्तूत बहुधा जुनी तिकिटं भरली आहेत. ही गाडी धावत नाही, निभावते. मोठी स्टेशनं आली की थांबते, लहान आली की थांबते, आणि मधे काही नसलं तर काही का नाही म्हणून थांबते. गाडीने दमायला होतं हे खरं आहे. विमानात माणूस नुसता पोचतो. इथे त्याला अंतर अंगावर घ्यावं लागतं.

समोरच्या बाकावर एक गादीवाले आहेत. हॉटेलांना गाद्या विकतात. गादीचा वीतभर चौकोन बॅगेत असतो. ओळख झाल्यावर पाचव्या मिनिटाला तो माझ्या मांडीवर ठेवून म्हणाले, दाबून बघा. मी दाबला. चांगला होता. त्यावर बसून प्रवास करता येतो का विचारलं, तर नमुना आहे म्हणाले. हे गृहस्थ पूर्वी स्वतःची मोटार घेऊन गावोगाव फिरत. तीनदा चालवताना डोळा लागला, तिसऱ्यांदा मोटार उसाच्या शेतात की कशात जाऊन उभी राहिली, तेव्हा बायकोने किल्ल्या काढून घेतल्या. तेव्हापासून गाडीने फिरतात. आता झोपायची सोय आहे तर झोप येत नाही. गादी विकणाऱ्याने जागं राहावं आणि मनाई लिहिणारीने मनाई मोडून निघावं, असा आमचा डबा आहे.

माझ्या खिडकीच्या वर फलक आहे. 'खिडकीतून डोके बाहेर काढू नये.' मजकूर माझाच. रंग उडालाय, पण 'डोके'वरची मात्रा शाबूत आहे.

आईला तुझ्या गावच्या दवाखान्यात आणलं तेव्हाही हाच फलक होता. हीच गाडी. त्या प्रवासाची तुझ्या बाजूची गोष्ट मला पाठ आहे, कारण दवाखान्याच्या बोळात तू ती एका वाक्यात सांगितलीस. "मी रोज विमानभर अनोळखी माणसं सुखरूप पोचवतो, आणि माझी आई मला आणू दिली नाहीस." मग वळून गेलास. त्यानंतर आई आठवडाभर होती. आपण दोघं तिच्या पलंगाच्या दोन बाजूंना होतो आणि तिच्यामार्फत बोलत होतो. ती गेल्यावर मार्ग बंद झाला.

तू तिच्यासाठी तिकीट पाठवलं होतंस, खिडकीजवळची जागा, वर तुझी स्वतःची चिठ्ठी विमानातल्या लोकांसाठी, की माझी आई येते आहे. हे मी विसरलेले नाही. इकडच्या डॉक्टरांनी कसंही न्या म्हणून सांगितलं होतं. आई म्हणाली, गाडीने. मी म्हटलं, अगं, दोन तास. ती म्हणाली, गाडीने. तिचा हट्ट तुला माहीत आहे, तू तिच्याच पोटचा आहेस. तिकडच्या डॉक्टरांना मी नंतर विचारलं, दोन दिवस आधी आलो असतो तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. त्या 'येत नाही'वर मी सहा वर्षं डोकं चालवते आहे आणि तो नकार मला अजून लावता आलेला नाही.

तेव्हा मी चुकले असं लिहायला बसलेली नाही आणि तू चुकलास असंही नाही. एवढंच लिहिते की त्या तीन दिवसांत ती खूश होती. मी हा फलक दाखवून म्हटलं, वाच, काय लिहिलंय. ती म्हणाली, "डोकं आतच आहे, डोळे तेवढे बाहेर."

डोळे बाहेर काढून ती काय बघत होती, हे तू कधी विचारलं नाहीस. तिने मला सांगितलं होतं, आणि तुला सांगायला मनाई केली होती. ती मनाई मी आजवर पाळली. धंद्याशी इमान.

गादीवाल्यांना तुझा संदेश दाखवला. रागावू नकोस, तीन दिवसांच्या प्रवासात माणूस परक्यालाही आतलं दाखवतो. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि फोन परत दिला. म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका, पण हे गिऱ्हाईक नको म्हणतंय."

मी त्यांना दोन्ही नकार समजावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, मला लोक म्हणतात, आत्ता नको, पावसाळ्यानंतर बघू. ही गादी नको, दुसरी बघू. इतक्या वर्षांत पावसाळ्यानंतर कुणी बघितलेली नाही. माणसाला तोंडावर नको म्हणवत नाही, म्हणून तो पुढे एक शब्द लावतो. तुमच्या भावाने विमान लावलं."

माणूस चुकीचा असेल, पण युक्तिवाद वाईट नव्हता.

पेटी लांब होती आणि गाडीचा भरवसा नाही, त्यामुळे हे पत्र पिशवीतच राहणार.

ताई


बुधवार, दुपार. जंक्शन. गाडी उभी, मी बसलेली.

धाकट्या,

इथे इंजिन बदलतात. पुढचं काढून घेतलं आणि दुसरं आणून मागच्या टोकाला जोडलं. इथून पुढे गाडी उलट्या तोंडाने जाणार. डब्यात एकच गडबड झाली. ज्यांची तोंडं पुढे होती त्यांना मळमळेल म्हणून त्यांनी जागा बदलून मागितल्या, आणि ज्यांची मागे होती ते काल आम्ही सोसलं म्हणून हटेनात. मी मधे पडले नाही. मला आता कुठल्याही तोंडाने नेलं तरी चालेल.

गादीवाले इथे उतरले. जाताना नमुना माझ्या हातात ठेवून म्हणाले, "कमरेखाली घ्या. आणि समोर ती गाडी उभी आहे ना, ती तुमच्या गावाला जाते. नुसतं सांगून ठेवतो." हा माणूस गाद्या कशा विकतो कळत नाही. गिऱ्हाइकाला परत पाठवण्यात त्याचा हातखंडा आहे.

ती गाडी खरंच समोर उभी होती. मधे फलाट, पलीकडे पूल.

तेवढ्यात तुझ्या बायकोचा फोन आला. तिला मी गाडीत बसल्याचं कळवलं होतं. आधी इकडचं तिकडचं विचारलं, जेवलात का, पाय कसे आहेत. मग म्हणाली, "ताई, मी यांना विचारलं, तुम्ही ताईंना बोलावलंत का. तर म्हणाले, मी 'ये' असं म्हटलेलं नाही."

सांगून तिलाच ओशाळल्यासारखं झालं. म्हणाली, तुम्ही वाटेतून परत फिरलात तर मी समजून घेईन, माझ्या मनात काही राहणार नाही. तू कसा आहेस विचारलं. तर तू सकाळपासून गॅलरीत कठडा धरून उभा राहतोस. वर बघत.

"वर बघितलं की चक्कर येते ना त्याला?"

"येते, ताई. बसतात, डोळे मिटतात, आणि पुन्हा उभे राहतात."

फोन ठेवला. पिशवी घेतली आणि खाली उतरले. तू हे वाचशील तोवर सगळं काय ते झालेलं असेल, म्हणून खरं लिहिते: मी उतरले होते. पिशवी हातात, परतीची गाडी समोर. 'मी ये असं म्हटलेलं नाही.' हे वाक्य तर निखळ आहे, यात पळवाट नाही. गादीवाले बरोबर, मालक बरोबर. माझं वय झालंय, पाठ गेली आहे, आणि एका प्रत्ययाच्या भरवशावर मी अर्धा देश ओलांडून आले आहे. हे संस्कृत शिकल्याचे तोटे. शहाणी माणसं शब्दाचा अर्थ घेतात, आम्ही त्याच्या शेपटीला लटकतो.

मग फलाटावरच्या चहाच्या टपरीशेजारी स्टेशनमास्तरांच्या खोलीचं दार दिसलं. दारावर दोन फलक, दोन्ही आमच्याच कारखान्याचे. वरचा: 'आत येऊ नये.' त्याखालचा, कुणीतरी पावसाळ्यात लावलेला: 'ओल्या चपलांनी आत येऊ नये.' दोन्ही एकाच दारावर लावणाऱ्या माणसाचं मला कौतुक वाटलं. पण उभी राहून वाचताना एक गोष्ट ध्यानात आली, जी एवढे फलक लिहूनही आली नव्हती. ज्याला आत कुणीच नको असतं तो वरचा लावून मोकळा होतो. तो चपलांचा विचार करत नाही. ओल्या चपलांनी येऊ नये असं लिहिणाऱ्याने माणूस आत आलेला मनात पाहिलेला असतो. त्याला त्याची पावलंसुद्धा दिसलेली असतात.

तू विमानाचा विचार केलास. मी कशी येणार, हे दोन दिवस तुझ्या मनात होतं.

म्हणून परत डब्यात चढले. खरं विचारशील तर पुलाच्या पायऱ्याही फार होत्या आणि पिशवी जड होती. दोन्ही कारणं लिहून ठेवते. मोठं कुठलं ते ठरवायला मला सांगू नकोस. गॅलरी मी मुद्दामच कारणांत धरलेली नाही.

नमुना कमरेखाली घेतला आहे. चांगला आहे. सांगायला हवं होतं त्यांना.

ताई


गुरुवार, संध्याकाळ. तुमच्या घराची मागची खोली.

धाकट्या,

तू पलीकडे झोपला आहेस. तुझी बायको दोनदा दारातून डोकावून गेली. दिवसाउजेडी तू असा झोपलास हे तिला खरं वाटत नाही. आम्ही दोघी कुजबुजत बोलतो आहोत आणि कुकरची शिट्टी तिने हाताने धरून ठेवली होती.

तू इथेच असताना पत्र कशाला, असं विचारशील. सकाळची तुझी बाजू तुला माहीत आहे. माझी तुला दिसली नाही, कारण तू पाठमोरा होतास.

गाडी फलाटात शिरली तेव्हा मी दारात उभी होते. 'चालत्या गाडीत दारात उभे राहू नये', हाही माझाच. फलाटाच्या अगदी सुरुवातीला तू दिसलास. चप्पल, घरातला सदरा, एका हाताने खांब धरलेला, दुसऱ्या हातात माझं सोमवारचं पत्र. माझा डबा तुझ्यासमोरून गेला. हात लांबवला असता तर तुझ्या खांद्याला लागला असता. पण तू माझ्याकडे बघितलंच नाहीस. तू मागून येणाऱ्या डब्यांकडे तोंड करून होतास. माझ्याकडे पाठ करून तू माझीच वाट बघत होतास.

मला हाक मारता आली नाही. आणि लगेच कळलं काय झालंय ते. 'शेवटून दुसरा' असं मीच लिहिलं होतं. जंक्शनला गाडीने तोंड फिरवलं, शेवटून दुसरा तो पुढून दुसरा झाला. माझ्या डोळ्यांदेखत इंजिन बदललं, त्यावर मी तुला विनोदही लिहिले, पण आपण काय कळवून बसलो आहोत ते डोक्यात आलं नाही. लोकांनी कुठे उभं राहू नये हे ठरवणाऱ्या बाईने भावाला फलाटाच्या भलत्या टोकाला उभं केलं.

गाडी थांबली ती अगदी पलीकडे. पिशवी घेऊन सगळा फलाट मागे चालत आले. हमाल, खोकी, एकमेकांना मिठ्या मारणारी माणसं. पोचले तोवर तुझ्या समोरचे डबे रिकामे झाले होते. तू शेवटून दुसऱ्यात वाकून बघितलंस, मग शेवटच्यात. मग फोन कानाला लावलास. मी तुझ्या मागे चार पावलांवर होते, म्हणून ऐकलं. चोरून नाही. पाय चालत नव्हते म्हणून.

"नाही आली ती," तू बायकोला म्हणालास. "दोन्ही डबे बघितले. मधेच उतरली असेल." मग काही वेळ ऐकत राहिलास. "नाही, तिचं काही चुकलं नाही. मीच नीट लिहायला हवं होतं."

"वाक्य ठीकच होतं," मी म्हणाले. "डबा चुकला."

तू झटकन वळलास आणि तसं तुला आता वळता येत नाही. मी कोपर धरलं. ते धरणं सहा वर्षांनंतरचं आहे, हे दोघांच्याही लक्षात आलं आणि दोघांनीही आलं नाही असं दाखवलं. मग तू हातातलं पत्र वर केलंस.

"पर्युदास," तू म्हणालास. "बरोबर ना? ते दुसरं मला म्हणता येत नाही."

"पैकीच्या पैकी," मी म्हटलं. सातवीत एवढं ऐकलं असतंस तर.

मग बाकावर बसलो. मी विचारलं, विमानाने का नको? आईमुळे? तुझ्या चेहऱ्यावर खरंच काही उमटलं नाही.

"आईचा काय संबंध. तू आलीस की घ्यायला मी येणार. विमानतळावर मी कुठल्या दाराने आलो असतो, ताई? इतकी वर्षं आतल्या दाराने गेलो. आता बाहेर कठड्याशी, पाट्या धरून उभे असतात त्या लोकांत उभा राहू? तिथला झाडूवालासुद्धा मला सलाम करतो."

"तसं लिहायचं होतंस."

"ते कसं लिहिणार?"

खरं आहे. मी तीन दिवस तुझ्या नकाराला उलटंपालटं करून बघितलं. राग शोधला, आई शोधली, आपला जुना बोळ शोधला. वाक्यात कर्ता मी होते, म्हणून अर्थही माझ्याभोवतीच असणार असं धरून चालले. तू मला न्यायला येतोस, हा अर्थ त्यात होता, आणि तो माझ्या एकाही नियमात बसत नव्हता.

गाडी अजून उभी होती. तू डब्याकडे बघत विचारलंस, "आई कुठे बसली होती?"

हा प्रश्न मी सहा वर्षं जवळ ठेवला होता, तू विचारशील म्हणून. आता आला तर मला उठवेना. तूच हात दिलास. एक हात मला, एक दाराच्या दांडीला. समोरचाच डबा, खालचा बाक, खिडकीजवळ. डबा तोच असेल असं नाही. खिडकी तशीच. वर फलक तोच.

तू तिथे बसलास, मी समोर. मग मी मनाई मोडली. 'त्याला सांगू नकोस, हसेल,' असं ती म्हणाली होती. मनाई हसण्यापुरती होती, आणि तुझं हसणं आता मला चाललं असतं.

ती आकाश बघत होती, धाकट्या. विमान दिसलं की मला कोपराने ढोसायची, बघ, चालला. तुझं असेल नसेल, तिला सगळी तुझीच. मी विचारलं, एवढं आहे तर विमानाने का नको म्हणालीस? तिने माझ्याकडे असं बघितलं की मी अगदीच मठ्ठ. म्हणाली, "तो वर असतो तेव्हा मी खालून बघते, म्हणून नीट उतरतो. मीच आत जाऊन बसले तर खालून कोण बघणार?"

तू हसला नाहीस.

"कधीपासून?" एवढंच विचारलंस.

"तू पहिल्यांदा एकट्याने विमान नेलंस तेव्हापासून. आधी गच्चीवरून. गच्ची चढवेना झाली तेव्हा खिडकीतून."

तू खिडकीच्या गजाला डोकं टेकवलंस, ती टेकवायची तिथेच. बाहेर फलाटाचं छप्पर होतं. एक बाई डबा झाडत आली, आपल्या पायांशी थांबली, म्हणाली, गाडी इथपर्यंतच आहे, उतरा. तू म्हणालास, उतरतो, आजारी आहे. स्वतःच्या तोंडाने हा शब्द तू पहिल्यांदाच वापरलास, असं मला तुझी बायको नंतर म्हणाली. ती बाई आपल्याला वगळून पुढे झाडत गेली.

"इथून तर काहीच दिसत नाही," तू म्हणालास. मग, "तिला मान वर करावी लागायची?"

"नाही. गाडी गावाबाहेर पडली की आकाश खिडकीएवढं खाली येतं. बसल्या बसल्या समोर दिसतं."

तू पिशवी उचललीस, मी नको म्हणत असताना. खाली उतरून फलाटाच्या मधोमध थांबलास आणि विचारलंस, माझं परतीचं तिकीट कधीचं आहे आणि डबा कुठला.

तेव्हा मी म्हटलं, बघू. ते उत्तर नव्हतं, दमणूक होती. आता पाय टेकून विचार केला. तिकीट अजून काढलेलं नाही. काढताना दोन काढीन, दोन्ही खालचे बाक, समोरासमोर, त्यातला खिडकीजवळचा तुझा. जंक्शनच्या आधी कुठून कितवा आणि नंतर कुठून कितवा, हे या वेळी नीट लिहून देते.

वाटेतली दोन पत्रं याच्यासोबत उशाशी ठेवली आहेत. ती क्रमाने वाच. बुधवारचं वाचताना रागावलास तर हरकत नाही, मी पलीकडच्याच खोलीत आहे.

कुकर झालाय. उठ.

ताई